इंग्रज कॅन्सल झाले तेव्हा

खाली लिहिलेलं सगळं अक्षरशः खरं आहे. गळ्याशपथ. म्हणजे, ज्यांच्याकडून ऐकलं त्यांनी थोडं वाढवलं असेल आणि सांगताना मीही चिमूटभर मीठ टाकलं असेल. पण शपथ खरी आहे.

दुबईत अल कुसैसला आमच्या कुलकर्णी सरांच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी चहाला बसायचं, ही पंधरा वर्षांची सवय. किस्से साठवायला कुणी बसत नाही. एसीच्या फिल्टरमधल्या वाळूसारखे ते आपोआप साठतात, आणि साफ करायला घेतले की खोकला येतो.

सर ऊद मेथाच्या एका शाळेत बारावीला इतिहास शिकवतात. मुलं ऐकत नाहीत, म्हणून आठवड्याचा उरलेला इतिहास आमच्यावर काढतात. आम्ही म्हणजे मी आणि सावंतदादा. दादा संगमेश्वरकडचे, रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन, इथे एकतीस वर्षं.

*

एकदा सर सत्तेचाळीस सांगत होते. महायुद्ध संपलं, लंडनमध्ये लेबर पार्टीचं सरकार आलं, तिजोरीत खडखडाट, आणि त्यांनी हिंदुस्थान सोडायचं ठरवलं. दादांनी बशीत चहा ओतत निकाल दिला, "म्हणजे इंग्रज कॅन्सल झाले."

इथे हा शब्द सगळ्यांना कळतो. व्हिसा कॅन्सल झाला की माणूसच कॅन्सल होतो. पाटील कुठे दिसत नाही? गेल्या महिन्यात कॅन्सल झाला. पाटील गावी सुखरूप असतो, पण ऐकणारा उगाच आवाज खाली आणतो.

सर खूश झाले. म्हणाले, गंमत म्हणजे मुदत दिली होती अठ्ठेचाळीसच्या जूनची, आणि निघाले सत्तेचाळीसच्या ऑगस्टला.

"नोटीस पीरियडपण भरला नाही?" दादा म्हणाले. "आमच्याकडे याला ॲब्स्काँडिंग म्हणतात!"

*

मग फाळणीची रेषा. ती आखायला जो वकील आणला, त्याने आधी कधी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता, असं सरांनी सांगितलं. पाच आठवड्यांत काम उरकलं. दादांना हसू आवरेना. साइट व्हिजिट न करता ड्रॉइंग? असलं ड्रॉइंग कन्सल्टंट तोंडावर फेकतो, म्हणाले.

हा जोक त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये बशीरभाईंना सांगितला. बशीरभाई लाहोरचे, वेल्डर, अठरा वर्षं दादांचे रूम पार्टनर. त्यांनी मास्क वर केला.

"हमारा घर जालंधर में था," म्हणाले, आणि मास्क खाली घेतला.

दादांनी तो जोक पुन्हा कुणाला सांगितला नाही. मी सांगतो. मी निर्लज्ज आहे.

*

दादा साठीला आले. त्यांच्या कंपनीत साठीनंतरचं रिन्यूअल साहेबांच्या मर्जीवर. गावी घर बांधून झालं होतं, मुलीचं लग्न झालं होतं, मुलगा पुण्यात नोकरीला. तरी दादांना आणखी दोन वर्षं हवीच होती. कशाला, असं मी विचारलं.

"एकतीस वर्षांत मी घरी एकतीस महिने राहिलोय, जोशी," ते म्हणाले. "मला तिथलं काही जमत नाही."

नोव्हेंबरात एचआरचे साहेब स्वतः वर्कशॉपला आले. दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हबीबी, तू तो फॅमिली है, इन्शाल्ला हो जाएगा. त्या शनिवारी दादांनी जिलबी आणली.

जानेवारीत तेच साहेब, तोच हात, तोच खांदा. "खलास हबीबी. पॉलिसी बदल गया."

हे ऐकून सर उडालेच. दुःखाने नव्हे, आनंदाने! अगदी हेच इथे झालंय, म्हणाले. साठच्या दशकात इथे इंग्रजांची फौज होती, आणि लंडनमध्ये पुन्हा लेबरचं सरकार. त्यांचा एक मंत्री सदुसष्टच्या नोव्हेंबरात इथल्या शेखांना सांगून गेला, आम्ही कुठेही जात नाही. मध्ये पौंड घसरला. जानेवारीत तोच मंत्री परत आला आणि म्हणाला, एकाहत्तर संपायच्या आत आम्ही निघतो.

आतून सरांची मिहिका ओरडली, "पपा, दॅट्स सो मीन!"

दादा मात्र विचारात पडले होते. "तोच मंत्री पाठवला?"

"तोच."

"दुसरा पाठवायचा. त्या माणसाला कसं वाटलं असेल."

*

सरांना चूक कळली. सारवासारव म्हणून त्यांनी पुढचं सांगितलं: शेखांनी निरोप दिला होता, फौजेचा खर्च आम्ही देतो, पण राहा.

दादांनी हे मनावर घेतलं. सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. राहायची सोय मी करतो, जेवण माझं, पगारही कमी चालेल, पण ठेवा. साहेबांनी विचारलं, ये आयडिया किसने दिया?

"शेख लोगों ने," दादा म्हणाले.

साहेब खुर्चीतून ताडकन उभे राहिले! खुलासा झाल्यावर बसले. उत्तर तेच राहिलं.

लंडननेही शेखांना नाहीच म्हटलं होतं. ते सरांनी पुढच्या शनिवारी सांगितलं.

*

मार्चमध्ये दादा कॅन्सल झाले. निरोपाच्या चहाला सर जरा भाषणाच्या मूडमध्ये होते. बघा, इथून इंग्रज कसे गेले, म्हणाले; दिलेली मुदत पाळली, मैत्रीचा करार केला, सगळं गोडीगुलाबीनं.

"आणि घरी गेल्यावर ते काय करत होते?" दादांनी विचारलं.

"कोण?"

"जे इथे होते ते. साहेब लोक. सकाळी उठून काय करायचे?"

सर पंचवीस वर्षं इतिहास शिकवतायत. त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "पोर्शनमध्ये नाही ते."

*

जूनमध्ये दादांचा फोन आला. आवाज चांगला होता. सगळे नळ दुरुस्त केले, गेटला ग्रीस लावलं, पंप खोलून पुन्हा बसवला; आता घरात बिघडलेलं काही उरलं नाही, म्हणाले. सकाळी पडवीत बसले होते, तर शेजारच्या गुरवांनी कुंपणावरून विचारलं, "काय सावंत, जायचं कधी?" आलेल्या चाकरमान्याला कोकणात हे विचारतातच, त्यात वाकडं काही नाही.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, रविवारची फ्लाइट आहे."

मी हसलो. दादाही हसले.

यातले गुरव मी रचलेले आहेत. दादांच्या शेजारचं घर कित्येक वर्षं बंद आहे. विचारलं ते वहिनींनी.