लांडगे आणि कुर्त

जर्मनीला निघाले तेव्हा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग उचलून दिली आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं. नर्सिंगला असतानाच मी 'लांडगे' काढून 'पोलादपूरकर' लावलं होतं. मुंबईच्या हॉस्टेलवर मुली मला पाहून लांडग्यासारख्या ओरडायच्या, त्याला कंटाळून. बाबा एवढंच म्हणाले, "नाव चांगलं हाय गो. आपलं नाय, एवढंच."

त्याला पाच वर्षं झाली. इथल्या वृद्धाश्रमात शिफ्ट संपते तेव्हा पाय सुजलेले असतात आणि कोणत्याच भाषेत बोलायची ताकद नसते. लाँड्रीत एलिफ कुर्त नावाची तुर्की बाई आहे, आईच्या वयाची. कुर्त हे जर्मन लोकांना पुरुषाचं नाव वाटतं, तिला सारखा खुलासा करावा लागतो. एकदा तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घालताना मी अर्थ विचारला.

"लांडगा," ती म्हणाली. तुर्कस्तानात सरकारनं सगळ्यांना आडनाव घ्यायला लावलं तेव्हा तिच्या मेंढपाळ आजोबांनी ते स्वतः निवडलं होतं.

"मेंढ्या पळवणाऱ्याचं नाव?"

"हो. ते म्हणायचे, आमच्या डोंगरात त्याच्याइतकं चिवट दुसरं कुणी नाही."

मी तिला माझं जुनं आडनाव सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "वडिलांना वाईट वाटलं असेल."

रविवारी फोनवर बाबांना हे सांगितलं, तर ते खूप वेळ हसले. "म्हंजे तिकडं पन आपली मानसं हायत! घेऊन ये तिला." नाव परत लावते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पुढच्या रविवारी सांगू म्हणून फोन ठेवला.

त्याच आठवड्यात, भाताची लावणी चालू असताना, बाबा गेले. मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. वारसनोंदीला गेले तर कारकुनानं विचारलं, "मयत लांडगे, तुम्ही पोलादपूरकर. तुम्ही त्यांच्या कोण?" मी त्यांचीच मुलगी, असं महाडला जाऊन प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. बाकावर बसलेली आई म्हणाली, "दमलीस गो. चल घरी."

गावात राहिलेल्यांना वाटतं, आम्ही सुटलो. गाव सोडून गेलेल्यांना विचारा. आई आहे तोवर घर पोलादपूरला आहे. पुढचं मला माहीत नाही.

जर्मनीला परतल्यावर नावबदलाचा अर्ज पुन्हा भरला, 'लांडगे' लावायला. एलिफनं ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिला 'ड' जमत नाही. "लान्गे," तिनं हाक मारली.

मी ओ दिली.