वडिलांच्या सीटसमोरचं मीटर

उन्हात तापलेल्या डॅशबोर्डचा वास आला की भिवंडीतली आमची जुनी गाडी आठवते, आणि दाजी. माझ्या बहिणीचे यजमान. दर रविवारी ते माझी गाडी वज्रेश्वरीला पळवायचे, इंजिन उकळवून आणायचे आणि वर वडिलांना सांगायचे, "याचाच पाय जड हाय, गाडी मारून टाकली याने." जावयाला उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे शिव्या मी खायचो. एका शनिवारी उलथन्याला आमच्या कापडाच्या लूमवरची चिंधी गुंडाळून मी डॅशबोर्डची पट्टी उचकटली. क्लिपा कटाकट सुटल्या. आत इंजिनच्या तापमानाचं मोठं मीटर बसवलं, मुद्दाम शेजारच्या सीटसमोर. दुसऱ्या दिवशी वडिलांना देवीच्या दर्शनाला चला म्हणून त्याच सीटवर बसवलं, मी मागे बसलो. चढावर काटा लाल पट्ट्यात शिरला, तरी दाजी गप्पा मारत गाडी दामटतच होते. वडील काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, गाडी बाजूला घ्या. थंड झाली की तुम्ही मागं बसा, हा चालवंल." ती गाडी कधीच भंगारात गेली, पण मीटर मी काढून घेतलं. दाजी जेवायला आले की आजही ते त्यांच्या ताटासमोर ठेवतो.