दोन खोल्यांचा चहा

कामगार मंत्र्यांच्या कचेरीत मी टेलिफोन बोर्डावर बसायचे. माझी जागा बोळात, दोन बैठकीच्या खोल्यांच्या मधोमध. डावीकडच्या खोलीत युनियनची माणसं बसत, उजवीकडच्या खोलीत मालकांची. मधे मी आणि समोर भिंतीला टेकवलेला एक बाक. त्यामुळे कोण तोंड पाडून बाहेर आला आणि कोण गालातल्या गालात हसत, हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं.

मंत्री येत आणि जात. एक स्वतःच पूर्वी युनियनचे पुढारी होते, दुसऱ्यांचा मेहुणा कारखानदार होता. पण खुर्चीत बसला की प्रत्येकाची तऱ्हा तीच. भांडणाऱ्यांना समोरासमोर आणायचंच नाही. आपण या खोलीतून त्या खोलीत फिरायचं, इथे खांद्यावर हात ठेवायचा, तिथे उसासा टाकायचा आणि दोन्हीकडे सांगायचं, "मी तुमच्याच बाजूचा आहे हो, पण ते ऐकायला तयार नाहीत." तडजोड अशीच घडवून आणतात म्हणे. आणत असतील. मला मात्र दोन्ही घरी जेवणाऱ्या माणसाचा कधी भरवसा वाटला नाही.

मंत्र्यांखेरीज दोन्ही खोल्यांत जाणारा आणखी एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा शिपाई. चहा तोच करायचा आणि तोच न्यायचा. सगळे त्याला घुम्या म्हणत आणि तो निमूटपणे ओ देई. या खोलीत साहेब काय बोलले आणि त्या खोलीत काय, हे एकाच दिवशी ऐकणारे कान जगात त्याचेच. साहजिकच जो तो त्याच्या मागे. युनियनवाले बाकावर बसून हळूच विचारत, "काय, आत हवा कशी आहे?" मालकांचा वकील त्याच्या पोराबाळांची चौकशी करी. घुम्याचं उत्तर ठरलेलं, "मला काय माहीत? साखर किती?"

तो नुसता गप्प नव्हता, संशयी होता. पावसात भिजत जाईल, पण कुणाच्या गाडीत बसणार नाही. कुणी हसून बोललं की दोन पावलं मागे सरकेल. मी एकदा त्याला आपल्या बरणीतली आवळासुपारी पुढे केली, तर म्हणाला, "का?" मी म्हटलं, "खायला." त्याने ती खिशात टाकली, खाल्ली नाही. तेव्हापासून माझंही डोकं फिरलं होतं. इतका जपून वागणारा माणूस काहीतरी जपत असणार, असं माझं मत झालं.

तशी ती सगळी कचेरीच संशयावर चालायची. एकदा मालकांच्या खोलीत क्रीमची बिस्किटं गेली आणि युनियनकडे साधी. बाजारात मिळाली तशी आणली होती, बाकी काही नाही. पण त्यावरून बोलणी दुपारपर्यंत अडली. साहेब विकले गेले, असा निष्कर्ष डावीकडच्या खोलीने त्या बिस्किटांवरून काढला. तेव्हापासून घुम्या दोन्ही ट्रे शेजारी शेजारी मांडून, ताडून मगच उचलायचा.

मग तो बाटल्यांच्या कारखान्याचा तंटा आला. कारखान्याला टाळं लागून कित्येक महिने झाले होते. युनियनतर्फे जी मंडळी येत, त्यांत एक काटकुळा, चष्मेवाला माणूस होता. भट्टीवर काम करणारा. घुम्या सगळ्यांना साखर विचारायचा, पण या माणसापुढे न विचारता कप ठेवायचा. दोघे एकमेकांकडे बघतही नसत. न बघण्यातही एक सवय दिसते ना, तशी. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, इथेच कुठेतरी पाणी मुरतंय. मालकांच्या खोलीतल्या बातम्या जातात त्या या कपातून.

उलगडा झाला तो एका फोनने. पलीकडे घुम्याची बायको. आजवर तिने कधी फोन केला नव्हता.

"त्यांना एक निरोप द्याल का?" ती म्हणाली. "भाऊजी आज डबा न घेताच गेलेत तिकडे. चहा बिनसाखरेचा द्या म्हणावं, पण सोबत बिस्कीट द्या. नाहीतर चक्कर येते त्यांना."

"कोण भाऊजी?"

ती पडल्या आवाजात म्हणाली, "ताई, हे कुणाला बोलू नका हं. त्यांची नोकरी जाईल."

चष्मेवाला घुम्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. मी निरोप दिला. घुम्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याच्या खिशात माझाच हात सापडला. मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही." यावरही त्याचा विश्वास बसला नाही, हे उघड दिसत होतं.

आणि त्याच दिवशी दुपारी तडजोड जुळली. साहेब डावीकडच्या खोलीतून घाम पुसत बाहेर आले आणि उजवीकडे गेले. पाठोपाठ घुम्या ट्रे घेऊन गेला. बाहेर आला तो हातातले कप वाजवत. इतक्या वर्षांत त्याच्या ट्रेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो तसाच डावीकडच्या दारापाशी गेला आणि भावाला खुणेने बाहेर बोलावलं. मी कानावरचे हेडफोन काढले नाहीत, फक्त एक कान मोकळा केला.

"सही करू नकोस," घुम्या म्हणाला.

भावाने मागचं दार लोटून घेतलं.

"तुम्हाला सांगितलं सगळ्यांना कामावर घेणार. तिकडे साहेब म्हणाले, आधी भट्टी पेटू द्या, मग पुढारपण करणारे चार-सहा हळूहळू कमी करा. आमचं खातं मधे पडणार नाही. तुझं नाव घेतलं त्यांनी."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मी तिथेच होतो. चहा ओतत होतो."

"आणि तुझ्यासमोर बोलले?"

"माझ्यासमोर सगळेच बोलतात."

भावाने चष्मा काढून पुसला. "आणि हे तू मला सांगतोयस. तू. बाबांच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, ते तू मला शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस. सख्ख्या भावाला. आणि आज, सगळं जुळत आलंय तेव्हा, हातात साहेबांचा ट्रे घेऊन तू मला येऊन सांगतोस की मोडा." त्याचा आवाज खाली गेला. "आम्ही आत्ता उठून गेलो की कारखाना कायमचा बंद करायला मालक मोकळा. त्यांना तेच हवंय. खरं सांग दादा, तुला कुणी पाठवलं?"

घुम्याने तोंड उघडलं. पण ज्याने आयुष्यभर एकच उत्तर दिलं, त्याच्यापाशी दुसरं कुठून असणार? मला उठून सांगावंसं वाटलं की हा खोटं बोलत नाही. पण मला तरी काय माहीत होतं? मीच तर त्याच्यावर इतके दिवस डोळा ठेवून होते.

भाऊ आत गेला आणि सही झाली. मग दोन्ही बाजू एका खोलीत आल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाले, साहेबांनी भावाच्याच खांद्यावर हात ठेवला. तो हात बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. घुम्या चहा घेऊन फिरत होता. भावापाशी आला तेव्हा त्याने विचारलं, "साखर किती?"

भट्टी पेटली. पुढे थंडी सरता सरता भावाला कमी केलं. कारण दिलं डोळ्यांचं, भट्टीपाशी नजर चालत नाही म्हणे. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले.

एक दिवस तो साहेबांना भेटायला आला आणि बाकावर बसला. साहेब आत असून नाहीत म्हणून सांगायचं, असा मला हुकूम होता. मी सांगितलं. तरी तो बसून राहिला. घुम्या चहा घेऊन आला आणि कप त्याच्या शेजारी ठेवला, वर एक बिस्कीट. काही विचारलं नाही.

भावाने बिस्कीट मोडून अर्धं चहात बुडवलं. मग म्हणाला, "तू खरं बोलत होतास."

"हं."

"मी ऐकायला हवं होतं."

घुम्या बाकावर बसला. कचेरीत त्याला बसलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. त्याने आपल्या हातांकडे बघितलं, मग भावाकडे.

"नाही रे," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो, तर मीही ठेवला नसता विश्वास."

आतून घंटा वाजली. घुम्या उठला नाही. घंटा पुन्हा वाजली, तेव्हा मीच उठून आत गेले आणि साहेबांनी शिपाई कुठे आहे म्हणून विचारल्यावर म्हटलं, मला काय माहीत.