चिखलदऱ्याचे जावईबापू

आई गेल्याची बातमी अकोल्याच्या शेजारीण शांताकाकूंनी फोनवर दिली, आणि फार वाईट दिली. "मंगे, आई गेली वं." संपलं. हीच बातमी आईकडे असती तर तिने त्या दिवशीच्या भाजीपासून सुरुवात केली असती, वाटेत तीन सोयरिकी जुळवल्या असत्या, दोन मोडल्या असत्या आणि तासाभराने म्हणाली असती, "अन् हो, सांगाचं राह्यलंच..."

वीस वर्षं रोज दुपारी, मी डबा उघडायच्या मुहूर्तावर, तिचा फोन अमरावतीला माझ्या ऑफिसात यायचा. गल्लीतलं कुत्रं शिंकलं, तर त्याची शिंक संपायच्या आत मला खबर. कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कोण बार्शीटाकळीला मुलगी पाहायला जाऊन नुसतेच पोहे हाणून आलं... "आई, मले काय कराचं त्याचं?" मी करवादायचे. "तुले काई कराचं नाई. आयक फक्त." बरं, उलटी वाहतूकही तितकीच जोरात. मला मूळव्याध झाली ती तिला सकाळी सांगितली. संध्याकाळी अकोल्यात पोचले, तर दारात आठ बाया औषधं घेऊन उभ्या.

म्हणून तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी वेगळी खोली घेतली, तेव्हा तिला सांगायला मला चार महिने लागले. तेही शपथ घालून, की गल्लीत एका शब्दाने बोलायचं नाही. पलीकडे ती जन्मात पहिल्यांदा गप्प झाली... फोन ठेवून मी कपाळावर हात मारला. हिच्या पोटात हे दिवेलागणीपर्यंत टिकणार नाही, याची मला खात्री होती. तेव्हापासून मी तिच्याशी तुटकच बोलले आणि गल्लीतून खाली मान घालून गेले.

तेरवीला बाया जमल्या. आता पहिला दगड कोण मारतं, याची मी वाट पाहत होते. शांताकाकूंनी माझा हात धरला. "जावईबापूले खबर तरी लागली का वं? त्या कॉफीच्या मळ्यात रेंज नसते म्हने."

कसला मळा? मग एकेकीकडून उलगडत गेलं. ज्याला चहा गाळता येत नाही, त्या माणसाला आईने चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यावर मॅनेजर करून टाकलं होतं. दिवाळीला येत नाही, कारण तोडणी. उन्हाळ्यात फुलोरा. पावसाळ्यात घाट खचतो. एकदा तर तो अस्वलाच्या तावडीतून सुटला म्हणून तिने गल्लीभर पेढे वाटले होते.

असा संताप आला... जिला शेजारणीचं जळकं वरण लपवता आलं नाही, तिने हे तीन वर्षं एकटीने पेललं, आणि मला, रोज फोनवर तासभर एकटीच बोलत असूनही, याचा पत्ता लागू दिला नाही. आणि मी तिच्यावर रुसून बसलेली. आता भांडू कोणाशी?

"यंदा पीक कसं हाय?" काकूंनी निघताना विचारलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "बरं आहे. पाठवते थोडी."

पुढच्या रविवारी चिखलदऱ्याला जाऊन अर्धा किलो कॉफी आणली आणि काकूंना नेऊन दिली. मळ्यातली, असं सांगून. त्यांनी पुडी चष्म्याजवळ धरून उलटसुलट पाहिली, आणि मला आत ओढून दार लोटून घेतलं.

"दुकानाचं लेबल तसंच हाय वं," त्या हळूच म्हणाल्या. "तुही माय आने तवा खरडून आने. आमी बी कदी इचारलं नाई."