भोजनाचा ओकार

मी स्वस्तातला कम्प्युटर घेतला म्हणून आमच्या सावली गावातल्या एका वास्तुपूजनाला सगळे पाहुणे घरून जेवून आले.

आमच्या घरी कम्प्युटर चालतो तो बायकोमुळे. सुनंदा लग्नाची, बारशाची, वास्तूची कार्डं घरीच करून देते. मी राइस मिलच्या ऑफिसात बसतो आणि माझा कम्प्युटरशी संबंध 'वीज आली का' एवढाच. पण जुन्या मशीनवर एक दिवस सूचना आली, की नवं विंडोज चालवण्याची या मशीनची लायकी नाही. (जवळपास याच शब्दांत मिलचे मालक माझ्याशी बोलतात, म्हणून ते माझ्या मनाला लागलं.) नवं विंडोज चालेल असं मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. मग मी मिलमध्ये बसून मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागलो. महिनाभर पाहिले. त्या महिन्यात तांदळाकडे कोणी पाहिलं ते मला माहीत नाही, पण मी तज्ज्ञ झालो.

"विंडोज सोडायचं," मी घरी जाहीर केलं. "लिनक्स घ्यायचं. फुकट असते. अन् त्याले मशीन लहान चालते, म्हणजे स्वस्त."

"माह्या फाइली उघडतीन ना त्याच्यात?" सुनंदाने विचारलं.

"सगळं उघडते." (हे मी कोणालाही विचारलं नव्हतं.)

"अन् मराठी?"

"मराठी तं अजून चांगलं दिसते."

नवा कम्प्युटर येणार हे कळल्यावर माझे सासरे हरखले. ते सुतार. त्यांनी सागवानाचं टेबल केलं आणि जावयाचं मशीन गुदमरू नये म्हणून खाली कपाटाएवढा कप्पा ठेवला. टेबल चौघांनी उचलून आणलं. दोन दिवसांनी कम्प्युटर आला. तो मी एका हाताने उचलून आणला, कारण तो हातात मावत होता. सासऱ्यांनी तो डबा उलटा करून पाहिला, टेप काढून मोजला आणि कप्प्यात ठेवला. तो दिसेनासा झाला.

"जावईबापू, बाकीचा कवा येते?"

"मामाजी, एवढाच असते."

त्यांनी फक्त टेप गुंडाळला. मी मात्र त्याच दिवशी जुनं मशीन एका दुकानदाराला देऊन त्याच्या बदल्यात माउस आणि कीबोर्ड घेतला. हाही माझाच हुशारीचा निर्णय.

त्याच आठवड्यात सुनंदाच्या बहिणीची डिलिव्हरी झाली आणि सुनंदा तिच्याकडे गडचिरोलीला गेली. जाताना म्हणाली, "महादेवभाऊचं कार्ड पेन ड्राइव्हवर तयार आहे. तुमी फक्त प्रिंट काढा. बाकी कशाले हात लावू नका."

महादेवभाऊ आमचे शेजारी. धान पिकवून, वर्षानुवर्षं पैसा साठवून त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि अख्ख्या गावाला जेवू घालायची त्यांची फार इच्छा होती. ते कार्ड न्यायला आले, मी फाइल उघडली आणि आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो. मराठी सोडून बाकी सगळ्या खुणा तिथे होत्या.

"हे तेलगू व्हय का?" महादेवभाऊंनी अदबीने विचारलं.

"नाई."

"माहे सोयरे हायेत सिरोंच्याकडं. त्याइले दाखवू का?"

मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगून सुनंदाला फोन लावला.

"जुना फॉन्ट टाकला का?" ती म्हणाली.

"टाकूनच राह्यलो," मी म्हणालो. जुना फॉन्ट जुन्या मशीनमध्ये होता आणि जुनं मशीन दुकानदाराकडे.

मग मला इंटरनेटवर एक फुकटची सोय सापडली. जुन्या फॉन्टचा मजकूर तिच्यात टाकायचा, नव्या मराठीत बाहेर निघतो. निघालाही. फक्त प्रत्येक ओकार गळून पडला होता. 'थोरले बंधू' 'थरले' झाले, 'मोठ्या आनंदाने' 'मठ्या आनंदाने' झालं आणि शेवटी 'लभ असावा' अशी विनंती होती. मी एकेक शब्द शोधून हाताने ओकार दिले. पुन्हा वाचलं. एकही चुकीचा शब्द उरला नव्हता. मीच प्रिंट काढल्या, मीच घड्या घातल्या. महादेवभाऊंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्म्यासह ते माझ्यावर विश्वास ठेवतात. कार्डं आजूबाजूच्या गावांत वाटून झाली.

वास्तूच्या संध्याकाळी मांडवात पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. भात, वरण, वांग्याची भाजी, वडे, बुंदी, सगळं तयार. माणूस एक नाही. अंधार पडल्यावर लोक येऊ लागले, पण पट्ट्यांवर टेकून बसायचे आणि पान वाढायला गेलं की हात आडवा करायचे.

"जेवूनच आलो ना भाऊ."

"काऊन?"

"कार्डावर जेवनाचं काईच नोहोतं."

तेवढ्यात एक भजनी मंडळ पेटी-तबला घेऊन आलं. त्यांच्या मागून दुसऱ्या गावचं आलं आणि पहिल्याकडे पाहून रुसून दाराशी थांबलं. महादेवभाऊंनी खिशातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. 'सायंकाळी सहानंतर स्वरुची भजन.'

"प्रकाशभाऊ, हे काय लिवलं?"

"ओकार गेला," मी म्हणालो.

"कुठी गेला?"

सगळे चुकलेले शब्द चुकलेले दिसत होते. हा एकटाच बरोबर दिसत होता. महादेवभाऊ चिडले असते तर बरं झालं असतं. ते भाताने भरलेल्या गंजाशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "जिंदगीत एकदा घर होते माणसाचं."

सुनंदा तेव्हाच गडचिरोलीच्या बसमधून उतरून थेट मांडवात आली होती. तिने कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. कार्ड जास्त वेळ पाहिलं. मग ती दोन्ही मंडळांकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, दोघंही म्हना. आळीपाळीनं. लोकाइले भूक लागेपर्यंत थांबू नका."

दोन गावांची मंडळं समोरासमोर बसल्यावर कोण मागे हटतो? एकाने आवाज चढवला की दुसरा त्याच्यावर चढवायचा. लोक टाळ्या पिटू लागले, उभे राहिले, म्हातारे नाचले. दहा वाजता एका पाहुण्याने हळूच विचारलं, "बुंदी आहे म्हन्तात?" आणि पहिली पंगत बसली. शेवटच्या पंगतीला भात पुन्हा टाकावा लागला. महादेवभाऊ स्वतः वाढत होते. माझ्या पानात त्यांनी बुंदी दोनदा वाढली, तेव्हा मला माफी मिळाल्याचं कळलं.

पुढच्या आठवड्यात सुनंदा एकटीच जाऊन जुना फॉन्ट चालेल असं वापरलेलं मशीन घेऊन आली. मला बरोबर नेलं नाही.

तरीही गावात कोणाला कम्प्युटर घ्यायचा असला की आधी माझ्याकडे येतात. परवा मिलमधले एक जण आले. म्हणाले, "प्रकाशभाऊ, तुमी असते तं कोनता घेतला असता?" मी तासभर समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मशीनचं नाव नीट विचारून घेतलं आणि उठता उठता म्हणाले, "बरं झालं सांगतलं. आता तो सोडून कोनताही घेतो."