खोबऱ्याच्या भट्टीत वाळलेला ॲम्प

एल्दिना तुके बेस गिटार वाजवायला लागली तेव्हा तिला दोन मुलं झालेली होती आणि गावात कुणीही तिला ‘वाजव’ म्हणून सांगितलेलं नव्हतं. चर्चच्या बँडमधला बेसवाला नोकरीसाठी राजधानीला, होनियाराला निघून गेला. गिटार तीन महिने खुंटीवर लोंबकळत राहिली, तारांवर खाऱ्या हवेचा थर बसला. एल्दिनाने ती खाली काढली, तारा सोडवल्या, पातेल्यात उकळल्या, पुसून वाळवून पुन्हा चढवल्या आणि पुढच्या रविवारी सरळ बँडमध्ये जाऊन उभी राहिली. तिचे वडील बांबूच्या बँडमधले. माणसाच्या उंचीच्या जाड नळ्यांवर रबरी चपला आपटून ते खर्ज काढायचे. त्यामुळे गाण्यात खर्जाने पाऊल कुठे टाकायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

बँडचा म्होरक्या हेझ्रन. तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. माणूस मनाने चांगला, पण धीर म्हणून नाही. चर्चने बेसचा आवाज मोठा करणारा ॲम्प घ्यायचं ठरवलं तेव्हा तो एल्दिनाला घेऊन होनियाराच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेला आणि आत शिरताच चार स्पीकरच्या एका चकचकीत धुडापाशी थांबला.

“हाच! याच्यापुढे सगळ्या कोलोम्बांगारा बेटावर कुणाची बोलायची टाप नाही.”

“भावजी, आपलं जनरेटर केवढं आहे?”

“चांगलं आहे की.”

“चांगलं आहे, पण लहान आहे. हा राक्षस जोडला तर पहिल्याच ठोक्याला ते मान टाकेल.”

मग ती दुकानभर फिरली. प्रत्येक खोक्याला गिटार जोडून सगळ्यात जाड तार मोकळी वाजवायची, मागे तळहात टेकवून लाकूड खडखडतंय का बघायचं, जाळीला नाक लावून जळका वास येतो का हुंगायचं. दुकानदार हसायला लागला. शेवटी तिने निवडला तो एकाच मोठ्या स्पीकरचा, कोपरे फाटलेला, जडशीळ जुना ॲम्प. परतीच्या बोटीत हेझ्रन तिच्याशी बोलला नाही. पण तो ॲम्प चार वर्षं वाजला. दर शनिवारी ती त्याची मागची फळी काढायची, मुंग्या झाडायची, पालींची अंडी उचलायची आणि जोडण्या कोरड्या फडक्याने पुसायची.

पाचव्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बँड शेजारच्या बेटावर एका लग्नात वाजवून होडीने परत येत होता. सामुद्रधुनीच्या मध्यात एक आडवी लाट आली आणि काठावरून आत कोसळली. माणसं भिजली, हसली. एल्दिना हसली नाही. ताडपत्रीखालचा ॲम्प अर्धा पाण्यात बसला होता.

प्रांताचा वर्धापनदिन नऊ दिवसांवर होता. प्रांताचं मुख्य गाव गिझो, तिथल्या मैदानावर सगळ्या बेटांचे बँड येणार होते.

किनाऱ्याला लागल्या लागल्या हेझ्रन जनरेटरकडे धावला. “आधी चालू करून बघू. कदाचित काही झालंही नसेल.”

एल्दिना वायर हातात घट्ट धरून उभी राहिली. “आत मीठ आहे. आता वीज सोडलीत तर जे वाचलंय तेही जाईल. कुणी हात लावायचा नाही.”

“मग करणार काय तू?”

“धुणार.”

हेझ्रनला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण तिने अंगणात चटई टाकली, कोणती वायर कुठे जाते ते कागदावर पेन्सिलीने काढून घेतलं, आतला जोडण्यांचा सांगाडा सोडवला आणि पावसाच्या पाण्याच्या टाकीकडे बादली घेऊन निघाली. तीन आठवडे पाऊस नव्हता. टाकीपाशी बायकांची रांग होती.

“प्यायला पाणी नाही आणि ही यंत्राला आंघोळ घालणार!” एक जण म्हणाली.

“माझ्या घरच्या वाटणीचं नेते,” एल्दिना म्हणाली. “तीन बादल्या. आठवडाभर आम्ही शहाळी पिऊ.”

आणि खरंच प्यायले. पोरांनी कुरकुर केली, नवऱ्याने चौथ्या दिवशी शहाळ्याकडे बघून तोंड फिरवलं, पण तिने टाकीच्या नळाला हात लावला नाही.

धुतलेला सांगाडा वाळवायचा कुठे? उन्हात वरून वाळेल, आत नाही. गावात खोबरं वाळवायची एकच भट्टी, म्हाताऱ्या नाझा आजीची. तिच्यात जाळ लोखंडी नळीत असायचा. वरच्या जाळीपर्यंत नुसती गरम हवा यायची, धूर नाही.

“आजी, वरच्या कोपऱ्यात जागा देता का?”

“माझ्या खोबऱ्याला विजेचा वास लागेल गं.”

“नाही लागणार.”

“आणि लागलाच तर?”

“तर पुढचा घाणा मी फोडते, मी वाळवते.”

म्हातारीने सुपारी गालात सारली. मग पोतं सरकवून तिने जागा केली. “हात ठेवून बघ. हाताला सोसेल एवढाच जाळ ठेवीन. तुझ्या पेटाऱ्याला त्याहून जास्त नको, हो ना?”

इकडे स्पीकर सावलीत वाळत होता. त्याच्या कागदी पडद्याला बोटभर चीर गेली होती. एल्दिनाने टी-बॅगच्या पुरचुंड्या रिकाम्या करून धुतल्या. तो कागद पातळ, पण ओला झाला तरी फाटत नाही. सुताराचा डिंक पाण्यात सैल करून तिने चिरेला दोन्ही बाजूंनी कागदाची ठिगळं लावली, एक सुकल्यावर दुसरं.

पाचव्या दिवशी ॲम्प भट्टीतून काढला. सगळा बँड जमला. एल्दिनाने मध्ये एक साधा बल्ब जोडला. वीज ॲम्पकडे जाईल ती त्या बल्बमधूनच जाईल. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. तसाच ढणढणत राहिला तर आत कुठेतरी वीज भलत्या वाटेने पळतेय.

बल्ब लागला आणि ढणढणतच राहिला.

तिने झटक्यात बटण बंद केलं. हेझ्रन पायाने वाळू उकरत म्हणाला, “पलीकडच्या गावात गिटारचा छोटा ॲम्प आहे. तो मागून आणतो.”

“त्यात बेस घातला तर त्याचा स्पीकर फाटेल, भावजी. लोकांची वस्तू आहे.”

“मग आम्ही काय करू? गिझोला जाऊन टाळ्या वाजवू?”

“अजून तीन दिवस आहेत. मधल्या जड गोळ्यात, तारेच्या वेटोळ्यांत पाणी राहिलंय. मी घाई केली, पाचव्याच दिवशी काढला. पुन्हा ठेवते.”

“आणि बल्ब पुन्हा तसाच पेटून राहिला तर?”

“तर गिझोला मी स्वतः सांगेन, चूक माझी म्हणून.”

ती परत भट्टीकडे गेली. दोन दिवस ती नाझा आजीसोबत खोबरं फोडत बसली आणि दर तासाला जाळीवर हात ठेवून बघत राहिली. आतून भीती होतीच. ही बाई उगाच शहाणपणा करते, असं अर्ध्या गावाचं मत झालेलं तिला ठाऊक होतं. पण हात थांबले नाहीत.

निघायच्या आदल्या सकाळी बल्ब पुन्हा जोडला. तो लख्ख चमकला, थरथरला आणि हळूहळू विझत विझत निखाऱ्याएवढा लाल उरला. एल्दिनाने जाड तार छेडली. स्पीकर आधी खाकरला, मग बोलला.

“अगं बोलतोय!” नाझा आजी ओरडली. “खोबऱ्यात राहून गळा सुधारला त्याचा!”

गिझोच्या मैदानावर नवीच अडचण. उघड्यावर खर्ज वाऱ्यावर उडून जातो. बाकीच्या बँडवाल्यांनी त्यांचे बेसचे ॲम्प उंच टेबलांवर मांडले होते आणि समोर पत्र्यासारखा आवाज येत होता. एल्दिना आवाज वाढवायला धजेना, ठिगळ नवं होतं. तिने आपला ॲम्प मंचावरून खाली उतरवला, मागच्या काँक्रीटच्या भिंतीला लागून थेट जमिनीवर ठेवला.

“मंचामागे लपवतेस होय?” हेझ्रन पुटपुटला.

“वाजवा तर खरं.”

पहिल्या कडव्याला गवतावर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या कडव्याला त्या उठून नाचायला लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण भिंतीने आणि जमिनीने तो उचलून धरला होता. लोकांना तो आधी पायात कळत होता, मग कानात. त्यांचा तिसरा नंबर आला. हेझ्रनने बक्षिसात मिळालेली डुकराची भाजलेली मांडी खांद्यावर घेतली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, “बेस आमच्या भावजयीचा. तीच बघते सगळं.”

वर्षभरात तिने मासे भरायची मोठी बर्फपेटी मिळवली. होडीतून जाताना ॲम्प आता त्यातच, झाकण दोरीने आवळून.

मग एके दिवशी रानोंगा बेटावरून दोघेजण होडीत एक मुका ॲम्प घालून आले. एल्दिनाने मागची फळी काढली, आत नाक घातलं, बराच वेळ बघत राहिली.

“ठेवून जा. महिन्याने या.”

“महिना? एवढा वेळ?”

“घाई असेल तर परत न्या.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ॲम्प उचलून तिच्या पडवीत ठेवला.