प्रबंधाची एकच प्रत

एम.फिल.चा प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि शनिवारी दुपारी आखाडा बाळापूरच्या आमच्या घरात लॅपटॉपला माझा पेनड्राइव्ह दिसेनासा झाला.

लॅपटॉप नांदेडच्या आमच्या विभागाचा, सही करून आणलेला. त्यात लिनक्स होतं आणि मला त्यातलं टायपिंगपुरतंच यायचं. यंत्र परत करायचंय म्हणून मी सगळं लिखाण पेनड्राइव्हमध्येच ठेवत होते. शेतमजूर बायकांच्या मुलाखती, वर्षभराचं काम. "दुसरी प्रत आहे ना कुठं?" असं मार्गदर्शक बाईंनी विचारलं होतं. मी हो म्हणाले होते. ती कुठंच नव्हती.

मी जेवायला उठले तेव्हा मायनं झाडण्यासाठी लॅपटॉप उचलून बाहेरच्या बाजेवर नेऊन ठेवला. पेनड्राइव्ह त्यालाच लावलेला होता, तो दाराच्या चौकटीला आपटला. मी परत येऊन बसले तर पडद्यावर त्याचं चित्र नाही. काढला, लावला. पुन्हा काढला. काही नाही.

"माह्या हातानं काई झालं का गं?" माय म्हणाली.

"तू काहून हात लावला पण?" मी ओरडले.

ती दारात जाऊन बसली.

विभागात संगणक शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी त्याच जागी माउस लावून बघा." लावला. खालचा लाल दिवा लागला, बाण हलला. विभागाचं यंत्र वाचलं म्हणून मी क्षणभर हसलेसुद्धा. मग लक्षात आलं, की यंत्र चांगलं आहे म्हणजे बिघाड पेनड्राइव्हमध्ये आहे.

सरांनी काळी खिडकी उघडायला लावली. एकेक अक्षर सांगत आज्ञा टाइप करून घेतली. जोडलेल्या वस्तूंची यादी आली; माउस होता, पेनड्राइव्ह नव्हता. दुसऱ्या आज्ञेनं ओळीच ओळी सरकल्या. शेवटच्या ओळी मी वाचून दाखवल्या: वस्तू जोडली, पत्ता घेत नाही, वस्तू तुटली.

"थोडा दाबून धरा."

दाबला. यादीत एक ओळ वाढली. बोट हललं आणि ती गेली.

"आतला सोल्डरिंगचा टाका सुटलाय. आता उगाच काढघाल करू नका. डाग देऊन तो जोडणारं कुणी आहे का तिकडं?"

बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक वयस्कर चाचा होते. लॅपटॉप ओढणीत गुंडाळून मी जवळजवळ पळतच गेले. त्यांनी पेनड्राइव्हचं टरफल नखानं उघडलं, भिंगातून पाहिलं.

"बेटा, ये चीज मैं पहली बार खोल रहा. बिगडलं तर?"

ते थांबले होते, मी होकार दिल्याशिवाय हात लावणार नव्हते.

"करा," मी म्हणाले.

चार बारीक टाके. मग त्यांनी तो उघडाच माझ्या हातात दिला. लावला. यादीत ओळ आली आणि राहिली. सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून घेईपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसले; चुकून धक्का लागेल, अशी भीती होती.

तिसरं प्रकरण उघडलंच नाही. बाकी सगळं होतं.

घरी माय तशीच बसलेली, जेवली नव्हती. "निघालं," मी म्हणाले. "तुझी चूक न्हाई." तिनं उठून ताट घेतलं. त्यानंतर मार्गदर्शक बाईंना फोन करून, दुसरी प्रत नव्हतीच, हे खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी जेवढं असेल तेवढं घेऊन ये."

रविवारी सकाळी तिसऱ्या प्रकरणातल्या दोन बायकांच्या घरी गेले. एक भाकरी थापत होती. "पुन्हा काहून इचारून राहिलीस? सांगितलं की समदं," ती म्हणाली, तरी पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी तिनं बाळंतपणानंतर आठव्या दिवशी खुरपायला गेल्याचं सांगितलं. मागच्या वेळी ते सांगितलं नव्हतं. मी मांडीवरच्या वहीत पेननं लिहीत होते आणि एकही शब्द सुटू नये म्हणून तिला पुन्हा पुन्हा थांबवत होते.